जानेवारीतलं पानिपत, मामा आणि जर-तर

११-१२ जानेवारी : झेलम एक्सप्रेस

पानिपतला जायचं म्हटलं की आधी दिल्ली गाठा, मग बस पकडा, असं बरेच जण सांगतात. तेवढी यातायात करायची गरज नाही. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस पानिपतला थांबते. फक्त जानेवारीत तिच्या वेळापत्रकावर विसंबून पुढचं काही ठरवू नका. आमची गाडी आग्र्यापर्यंत वेळेवर होती. मथुरेनंतर धुकं लागलं आणि रात्री उतरायचे ते आम्ही पहाटे उतरलो.

आम्ही तिघं होतो. मी, इचलकरंजीचे मामा आणि मामांचा मुलगा, आमचा दादा. मामा हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेत. पानिपत त्यांनी जन्मभर शिकवलं, पण पाहिलं नव्हतं. दादाचे सोळा साधे यंत्रमाग होते, खर्चीवर, म्हणजे मजुरीनं कापड विणून देत चालायचे. सुताचे भाव, विजेचं बिल, व्यापाऱ्यांची अडकलेली बिलं या सगळ्यात दोनेक वर्षं रेटून शेवटी दिवाळीनंतर त्यानं माग भंगारात काढले. तेव्हापासून घरात बापलेकांचं बोलणं मामीमार्फत चालायचं. मामीनंच मला फोन केला, "दोघांना घेऊन कुठंतरी जा गं बाई, चार दिवस मला तरी सुख लागू दे." कुठं जायचं यावर चर्चा झालीच नाही. पानिपत म्हटल्यावर मामांनी दुसऱ्या दिवशी कानटोपी विकत आणली.

गाडीत मामांची तोफ सुरू झाली ती बंद होईना. भाऊसाहेबांची फौज मार्च १७६० मध्ये परतुडहून निघाली. बऱ्हाणपूर, सिरोंज, ग्वाल्हेर, मग चंबळ ओलांडून आग्रा-मथुरा. दिल्ली हाती आली ऑगस्टच्या सुरुवातीला. आमचीही गाडी साधारण त्याच वाटेनं चालली होती. त्यांना साडेचार महिने लागलेल्या वाटेला आम्हाला सव्वा दिवस लागत होता आणि त्यातही आम्ही चहा गार आहे म्हणून कुरकुरत होतो. शेजारच्या बर्थवर सुट्टी संपवून जम्मूला निघालेला नगरकडचा एक जवान होता. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्यानं आनंदानं खाल्ली आणि मोबदल्यात मामांचं व्याख्यान ऐकून घेतलं.

व्याख्यान म्हणजे जर-तरची माळच. जर भाऊंनी सुरजमल जाटाचं ऐकून बायका-मुलं आणि यात्रेकरू मागं ठेवले असते तर. जर बागपतजवळ अब्दालीला यमुना उतरू दिली नसती तर. जर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांपुढं आपलेच घोडेस्वार आले नसते तर. जर विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर.

"आणि जर एखाद्यानं वेळेवर ऑटोलूम घेतले असते तर," असं मामा म्हणाले नाहीत. पण दादा वरच्या बर्थवर जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपला, यावरून त्याला ते ऐकू आलं असावं.

१३ जानेवारी : धुकं, लोणचं आणि लोहडी

स्टेशनबाहेर पाच फुटांवरचं दिसत नव्हतं. हॉटेल स्टेशनपासून जवळच होतं. तिथल्या मालकानं खोलीत सामान टाकायच्या आधी आम्हाला शेकोटीजवळ बसवलं आणि आलं घातलेला चहा दिला. कोल्हापूरकडच्या माणसाला थंडी म्हणजे स्वेटर घालायची हौस. इथं अंगावर दोन स्वेटर, शाल आणि मोजे असूनही दात वाजत होते. अंगाबरोबरचे उबदार आतले कपडे न्याच. आणि सकाळी अकराच्या आत काही पाहायचा बेत आखू नका, दिसतच नाही.

अकरानंतर ई-रिक्षा करून गावात फिरलो. इब्राहिम लोदीची कबर म्हणजे विटांचा एक साधा चौथरा. २१ एप्रिल १५२६ रोजी ज्या सुलतानाचं राज्य आणि प्राण एकाच दिवशी गेले, त्याच्यापाशी आता म्हातारी माणसं ऊन खात बसतात. बाबरानं विजयानंतर बांधलेली काबुली बाग मशीद मात्र नीट मोठी आहे. जिंकणाऱ्याला वास्तू आणि हरणाऱ्याला चौथरा, हे मामांना फार लागलं. जुन्या गावात बू अली शाह कलंदरांचा दर्गा आहे. त्याच आवारात उर्दू कवी हाली यांची कबर आहे, ते मूळचे इथलेच. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून म्हैस आली तर आपण कुणाच्या तरी दुकानात शिरायचं. दुकानदारालाही त्यात काही वाटत नाही.

पानिपतचं पचरंगा लोणचं प्रसिद्ध आहे. कैरी, हरभरे, भोकरं, कमळकाकडी असं बरंच काही मोहरीच्या तेलात मुरवलेलं असतं. आपल्या जिभेला मोहरीचं तेल आधी खटकतं, दुसऱ्या जेवणाला ते नसलं तर चुकल्यासारखं वाटतं. प्रवासात न्यायचं तर डबा दुकानातच सीलबंद करून घ्या.

त्या रात्री लोहडी होती. पानिपतातली बहुतेक जुनी मुस्लीम वस्ती फाळणीत पाकिस्तानात गेली आणि झंग, मुलतानकडून उठलेली पंजाबी कुटुंबं इथं येऊन वसली. आमचे हॉटेलमालक त्यांच्यातलेच. अंगणात लाकडं रचली, त्याभोवती घरातले, शेजारचे आणि आम्ही. आगीत तीळ, रेवड्या, लाह्या टाकायच्या आणि उरलेलं खात उभं राहायचं. मालकांचे वडील नव्वदीच्या आसपासचे, रजई पांघरून खुर्चीत बसले होते. झंगमधलं घर, विहीर, शेत, सगळं सोडून ते पोरवयात निघाले होते. आले तेव्हा वडिलांच्या खिशात काय होतं आणि आईच्या पदरात काय होतं हे त्यांनी आम्हाला जिनसवार सांगितलं. यादी लांब नव्हती.

मामांना राहवलं नाही. त्यांनी आपल्या शाळेतल्या हिंदीत विचारलं, "बाऊजी, जर फाळणी हुई नहीं होती, तो?"

म्हातारबाबांनी क्षणभर मामांकडं पाहिलं. "तो क्या? मूँगफली खाओ मास्टरजी, ठंडी हो रही है।"

दादा हसला. मग आगीकडं वळून त्यानं मूठभर शेंगा मामांच्या हातात दिल्या. मामीशिवाय झालेली ही पहिली देवाणघेवाण.

१४ जानेवारी : काला आंब

शहरापासून सात-आठ किलोमीटरवर काला आंब आहे. इथं आंब्याचं एक झाड होतं, रक्तानं माती भिजून ते काळं पडलं, अशी आख्यायिका. झाड आता नाही. कुंपणात विटांचा एक साधा स्तंभ आहे, त्यावर लोखंडी दांडा. पंधरा मिनिटांत पाहून होतं.

पण १४ जानेवारीला तिथं गर्दी असते. महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक येतात, हरियाणातला रोड समाज येतो. रोड मंडळी स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. त्यांचे फेटे, आपले फेटे, घोषणा, लाउडस्पीकर, भाषणं, फोटो. निवांत पाहायचं असेल तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी जा. माणसं भेटायची असतील तर हाच दिवस. कर्नालकडच्या एका रोड शेतकऱ्यानं मामांना मिठीच मारली. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. ऊस किती टनांचा पडतो यावर मात्र दादा आणि तो अर्धा तास बोलत होते. मामा मध्ये मध्ये १७६१ आणू पाहत होते, त्या दोघांनी दाद दिली नाही.

दुपारी एकच्या सुमारास धुकं विरलं आणि ऊन पडलं. स्तंभापासून जरा बाजूला गव्हाच्या शेताच्या बांधावर आम्ही गेलो. तिथं उभं राहून मामांनी दक्षिणेकडं तोंड केलं आणि डोळ्यांवर हात धरला. "बघ, आपली फौज अशी दक्षिणेकडं सरकत होती. जानेवारीतला सूर्य खाली असतो. दुपारनंतर उपाशी माणसांच्या थेट डोळ्यांत." हे वाचून कळत नाही. तिथं डोळे बारीक करून उभं राहिल्यावर लगेच कळतं. दोन-अडीच महिने खंदकाआड अडकलेली छावणी, गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर तुटलेली रसद, झाडपाला खाऊन दिवस काढणारी माणसं आणि जनावरं. लढाई डोळ्यांनी पाहिलेल्या काशीराज पंडितानं लिहून ठेवलंय की भाऊंनी शेवटचा निरोप पाठवला तो असा, की प्याला काठोकाठ भरला आहे, आता आणखी थेंब मावणार नाही. त्या दिवशी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून ती माणसं निघाली. ती जर-तर करत बसली नव्हती. जर-तर आपण करतो, पोटभर जेवून.

संध्याकाळी खोलीत रजईत पाय घालून बसलो तेव्हा मी मामांना म्हटलं, "मामा, पंधरा जानेवारीपासून पुढं सांगा की. तुमची गोष्ट कायम दुपारी चारलाच संपते."

मामा आधी रागावले, मग सांगू लागले. नानासाहेब पेशवे जूनमध्ये पर्वतीवर खचून गेले. गादीवर आले माधवराव, वय सोळा. दोन वर्षांनी, ऑगस्ट १७६३ मध्ये, राक्षसभुवनला त्यांनी निजामाला हरवलं. आणि महादजी शिंदे. पानिपतातून पळताना एका पठाणानं त्यांच्या पायावर घाव घातला, ते जन्माचे अधू झाले. राणेखान नावाच्या भिश्त्यानं त्यांना आपल्या बैलावर घालून बाहेर काढलं. पुढं महादजींनी त्याला भाऊ मानलं, जहागीर दिली. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत शिरले आणि १७७२ च्या जानेवारीत महादजींच्या फौजेच्या आधारानं मुघल बादशहा शाहआलम आपल्या गादीवर येऊन बसला.

मला यात सगळ्यात भावलं ते नंतरचं. पानिपतात गारद्यांची कवायती पलटण आणि तोफा चांगल्या लढल्या. त्यांच्याबरोबर लढायचं कसं हे आपल्या घोडदळाला ठाऊक नव्हतं. महादजींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. १७८४ पासून त्यांनी द बॉइन या अधिकाऱ्याला हाताशी धरून आपल्या पलटणी उभ्या केल्या, आग्र्यात तोफा ओतण्याचा कारखाना चालवला. अब्दालीला शिव्या देणारे तेव्हाही पुष्कळ असतील. पाय अधू झालेला हा एकटा माणूस बंदुकीचा हिशेब मांडत बसला. शाळेच्या पुस्तकात या भागाला एवढी कमी जागा का, हे मी मामांना विचारलं. "वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते," ते म्हणाले.

१५ जानेवारी : चिंध्यांचे डोंगर

हा दिवस कुठल्याच बेतात नव्हता. हॉटेलमालकांना दादाच्या धंद्याचं कळलं आणि त्यांनी ओळखीच्या एका कारखान्यात फोन लावून दिला. पानिपतला गेलात आणि हे पाहिलं नाहीत तर अर्धं गाव राहिलं म्हणून समजा. फक्त कुणाच्या तरी ओळखीनंच जा. असंच फाटकातून आत शिरू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले लोकरी कपडे जहाजांतून कांडला बंदरात येतात आणि तिथून ट्रकांनी पानिपतला. गोदामात छतापर्यंत ढीग. लाल एका बाजूला, निळे एका बाजूला, काळे सगळ्यात जास्त. बायका ओळीनं जमिनीवर बसलेल्या. पुढ्यात आपल्या विळीसारखं उभं पातं रोवलेलं. कोट घ्यायचा, बटणं, चेन, अस्तर, लेबल कापून काढायचं, उरलेलं लोकरीचं कापड फाडून टाकायचं. मग यंत्रं त्याचे तंतू सुटे करतात, पिंजतात आणि त्यातून पुन्हा सूत निघतं. इथं त्याला शॉडी म्हणतात. रंगानुसार आधीच निवडल्यामुळं पुन्हा रंगवावं लागत नाही. त्यातून घोंगड्या, रजया, आणि पूर-भूकंपात वाटली जातात ती स्वस्त ब्लँकेटं. सगळीकडं लोकरीची धूळ, नाकाला फडकं बांधल्याशिवाय उभं राहवत नाही. दम्याचा त्रास असलेल्यांनी आत जाऊच नये. त्या बायका दिवसभर तिथं बसतात, बहुतेकींच्या तोंडावर ओढणीच काय ती. हे सगळं 'पुनर्वापर' म्हणून कौतुकानं सांगताना त्या धुळीचा उल्लेख कुणी करत नाही.

मी आणि मामा ढीग पाहत होतो. दादा थेट सुताकडं गेला. एक धागा काढला, बोटांत पिळला, ताणला, तो पट्कन तुटला. तंतू आखूड. त्यानं देखरेखीच्या माणसाला काउंट विचारला. जाडं, दहाच्या आतलं सूत. दादा चाळीस-साठचं बारीक सूत हाताळलेला. मग दोघांचं जे सुरू झालं ते मला निम्मं कळलं नाही. ताणा काय, बाणा काय, वहिफणीला इथं काय म्हणतात, कामगार बिहारचा की इथला.

तो माणूस म्हणाला, पोलार आलं आणि शॉडीचं कंबरडं मोडलं. पॉलिस्टरचं ते हलकं, मऊ ब्लँकेट याच्याच भावात मिळतं. आजूबाजूचे बरेच जण पोलारकडं वळले, काहींनी शटर ओढलं. यांचाही मागं एक माग-खाता होता.

"उसका क्या किया?" दादानं विचारलं.

"भंगार में गए, और क्या."

दादा थांबला. मला वाटलं आता हा बाहेर निघून जाणार. तो म्हणाला, "किस भाव गए?"

त्यानं भाव सांगितला. दादानं आपला सांगितला. दादाला किलोमागं थोडे जास्त मिळाले होते. "फिर तो आप फायदे में रहे," तो माणूस म्हणाला आणि दोघं टाळी देऊन हसले. बिडं वेगळं विकलं का, मोटारी ठेवल्या का, साचा कुणी नेला, असं बराच वेळ चाललं. गेले दोन महिने घरात ज्या गोष्टीचं नाव काढायची चोरी होती, ती इथं दोन माणसं बाजारभावासारखी बोलत होती. मामा काळ्या कोटांच्या ढिगाशी उभे राहून ऐकत होते. त्यांना बहुधा भाव पहिल्यांदाच कळला.

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "मोटारी ठेवल्यास होय रे?"

"चार ठेवल्यात आबा. बघू."

दुपारी ढाब्यावर मक्याची रोटी, सरसूंचं साग आणि गूळ. लोणी मागावं लागत नाही, आपोआप येतं. नको म्हटलं तरी येतं.

१६ जानेवारी : गोहानाची जिलेबी, सांघीचे भाऊ

पानिपतहून रोहतकच्या रस्त्याला गोहाना लागतं. तिथली जिलेबी एकेक पाव किलोची, साजूक तुपातली. एका किलोच्या खोक्यात चारच. तिघांत एक घ्या, हे मी कळकळीनं सांगते. मामांनी एकट्यानं एक संपवली आणि पुढचा तासभर इतिहास बंद होता.

गोहाना आणि रोहतकच्या मध्ये सांघी नावाचं गाव आहे. तिथं एक डेरा आहे. जखमी सदाशिवराव भाऊ लढाईतून निसटून इथं आले, जोगी होऊन राहिले आणि इथंच त्यांनी समाधी घेतली, असं गाव मानतं. पाटी नाही, तिकीट नाही, विचारत विचारत जावं लागतं. गाडी दिवसभरासाठी ठरवूनच घ्या, परत यायला वाहन मिळेलच असं नाही.

मामा हे मानणाऱ्यातले नव्हेत. भाऊंचं धड सापडलं, त्यावर अंत्यसंस्कार झाले, हे काशीराजानं लिहिलंय. तरी पुण्याला पटलं नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. एक तोतया भाऊ म्हणून उभा राहिला, त्याच्यामागं मोठमोठी माणसं गेली, त्याचं बंड माजलं आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. हे सगळं मामांनी डेऱ्यावरच्या म्हाताऱ्याला हिंदीत समजावलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "आप पूना से आए हो? भाऊ के गाँव से?" आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन दुधाचे पितळी पेले आणले. म्हशीचं दूध, वर सायीचा थर. मामांनी वाद तिथंच सोडला. अशा दुधापुढं पुरावे टिकत नाहीत.

दादा मात्र डेऱ्याबाहेर फोनवर होता. कारखान्यातल्या माणसाकडून ब्लँकेटची वीस नगांची एक गासडी इचलकरंजीला पाठवायची, ट्रान्सपोर्टचा दर काय, असं काहीतरी. खपतील का हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आपल्याकडं थंडी असते किती दिवस!

१८ जानेवारी : पुणे

येताना मुरथलला पराठे खाऊन दिल्लीहून गाडी धरली. मुरथलचे ढाबे शाकाहारी आहेत आणि रात्रभर चालू असतात, उशीर झाला तरी उपाशी राहावं लागत नाही.

मामा-दादाची पुढची गाडी संध्याकाळची होती. मधल्या वेळात मामा म्हणाले, वानवडीला जाऊ. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी तिथंच गेले, शिंद्यांची छत्री तिथं आहे. मी पुण्यात इतकी वर्षं राहते, त्या बाजूनं रोज जाते, आत कधी गेले नव्हते. छत्रीच्या दारातून आत शिरताना मामा जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग बाहेर येऊन चप्पल घालता घालता म्हणाले, "पण काय गं, जर महादजी आणखी दहा वर्षं जगले असते..."

"आबा," दादा रिक्षातून ओरडला, "मीटर चालू आहे."